कोटांच्या कपाटातले घोडेस्वार

आमचे देव कोटांच्या कपाटात राहायचे. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटमध्ये दार उघडून आत आलं की डाव्या हाताला एक अरुंद कपाट होतं. बांधणाऱ्याने ते थंडीचे कोट टांगण्यासाठी ठेवलेलं. आईने सगळं घर फिरून पाहिलं. किचनमध्ये डिशवॉशरची वाफ, हॉलमध्ये टीव्ही, बेडरूमचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी तिने या कपाटावर शिक्कामोर्तब केलं. अर्ध्या भागात कोट दाटीवाटीने टांगलेले, उरलेल्या अर्ध्यात एक बुटकं शेल्फ आणि त्यावर देव. पूजेच्या वेळी कोट हाताने बाजूला धरून ठेवावे लागत आणि ते काम माझ्याकडे होतं. उदबत्तीचा धूर कोटांत मुरायचा. बाबांना ऑफिसात कुणीतरी एकदा विचारलं होतं, तुम्ही कुठला परफ्यूम वापरता, आणि बाबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "इट्स अ फॅमिली थिंग." धूर जास्त झाला की पॅसेजमधला स्मोक अलार्म ओरडायला लागायचा. मग आई आरती न थांबवता डोळ्यांनीच मला खूण करायची आणि मी कपाटातला एखादा स्कार्फ ओढून अलार्मला वारा घालायची. आज माझ्या घरी देवांना स्वतंत्र खोली आहे, तरी कुठे अलार्म वाजला की माझा हात अजून स्कार्फ शोधतो.

त्या शेल्फवर आमचे टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली मूर्ती, आगपेटीपेक्षा थोडी मोठी. खंडोबाचा आणि भवानीचा टाक पुष्कळांकडे असतो. आमच्यात मात्र घरातला कर्ता माणूस गेला की वर्षाने त्याचाही टाक करतात आणि देवांच्या शेजारी बसवतात. माझे खापरपणजोबा, पणजोबा आणि त्यांचे एक चुलत भाऊ असे कोटांच्या बाजूला ओळीने उभे असायचे. सगळे घोड्यावर. सगळ्यांच्या हातात तलवार, सगळ्यांना एकच मिशी. कराडचा सोनार एकाच ठशावर सगळी घराणी उठवत असणार, कारण आमच्या माहितीतल्या कुठल्याच पिढीत कुणाकडे घोडा नव्हता, आणि पणजोबांचा तलवारीशी संबंध आला असेल तर तो जत्रेतल्या तमाशात. दसरा जवळ आला की मी जुना टूथब्रश आणि टूथपावडर घेऊन त्यांना घासायला बसायची. घासून घासून नाकं पार सपाट झाली होती. कोण कुठला हे फक्त जागेवरून कळायचं, म्हणून आई एकेक टाक हातात द्यायची आणि तो परत जागेवर गेल्याशिवाय दुसरा सोडायची नाही.

अण्णा म्हणजे बाबांचे वडील. बारा वर्षांची होऊन अमेरिकेत येईपर्यंत मी त्यांच्याच घरी वाढले. तरुणपणी ते पहिलवान होते, आणि पुढे साखर कारखान्यात नोकरी केली तरी चालणं पहिलवानाचंच राहिलं, हात अंगापासून थोडे लांब ठेवून. कुस्तीत त्यांचा एक कान मोडला होता. तो आखडून, वळकटी होऊन तसाच घट्ट बसला होता आणि मला त्याला बोट लावून बघायला फार आवडायचं. रोज रात्री ते बदाम भिजत घालायचे आणि सकाळी स्वतः सोलून घरातल्या प्रत्येक पोराच्या हातावर ठेवायचे. दुसऱ्याने सोललेला बदाम त्यांना चालत नसे. बाबांनी ती सवय इकडे आणली. आमच्या सिंकच्या कडेला रोज सकाळी बदामाची ओली सालं पडलेली असत आणि आई रोज त्यावरून बोलत असे. हे सगळं सांगून झाल्यावर अण्णांचं एक गुपितही सांगितलं पाहिजे, जे सगळ्या गावाला माहीत होतं. एवढा धिप्पाड माणूस घोड्याला घाबरायचा. लग्नात वरातीसाठी घोडा आणला तेव्हा त्यांनी बसायला साफ नकार दिला आणि वरात पायी निघाली.

अण्णा गेले तेव्हा इकडे सकाळ होती. आई पोहे परतत होती. काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा फोन आला आणि बाबांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. जाता येण्यासारखं नव्हतं. व्हिसाची मुदत टळली होती, ग्रीन कार्डाचं काम मध्येच अडकलेलं होतं. एकदा बाहेर पडलात तर परत कधी येता येईल ते सांगता येत नाही, असं कंपनीच्या वकिलाने आधीच बजावलं होतं. तेव्हा फोनवर चेहरे दिसत नसत. बाबांनी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून काकांना परत फोन लावला, स्पीकर चालू केला आणि डायनिंग टेबलावर फोन ठेवून समोर बसले. आम्ही दोघीही बसलो. तिकडचं रडणं, माणसांची ये-जा, कुणीतरी पाणी मागत होतं, कुत्रं भुंकत होतं. काका मधूनमधून फोनजवळ येऊन सांगत होते, आता आंघोळ घालतोय, आता फेटा बांधतोय. मग ते म्हणाले, "दादा, आता शेवटचं तोंड बघून घेत्यात सगळी," आणि तेवढ्यात एका बाईचा नम्र रेकॉर्ड केलेला आवाज आला की तुमच्या कार्डावरची मिनिटं संपली आहेत. बाबांनी फोन बंद केला. आईने पोह्यांची कढई गॅसवरून उतरवली. त्या दिवशी मी माझ्या वडिलांचा चेहरा पाहिला आणि मला त्यांची इतकी दया आली की मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी बाबा केस उतरवायला शॉपिंग सेंटरमधल्या न्हाव्याकडे गेले. त्याने मशीन फिरवता फिरवता विचारलं, "समर कट?" बाबा "येस" म्हणाले. नंतर ते ऑफिसला गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी अण्णांबद्दल बोलणं बंद केलं. बदाम भिजत राहिले, सालं पडत राहिली, पण आईने सालांवरून बोलणं सोडून दिलं होतं.

वर्ष झालं आणि अण्णांचा टाक आला. तो आणला देशमुख काकूंनी. काकू नागपूरच्या, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायच्या आणि भारतातून येताना अर्ध्या मॉरिसव्हिलचं सामान त्यांच्या बॅगेत असायचं. चिवडा, गोडा मसाला, कुणाचे चष्मे, आणि एका नव्या पायमोज्यात गुंडाळलेले आमचे अण्णा. "कस्टमवाल्यानं विचारलं ना मला, हे काय आहे म्हणून," काकू सोफ्यावर बसत म्हणाल्या. "मी म्हटलं, फादर-इन-लॉ ऑफ फ्रेंड. त्यानं पाहिलं बापा माझ्याकडे, अन् जाऊ दिलं." आईला हसू आलं. बाबांनी पायमोजा उलटा केला, टाक तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. घोडा, तलवार, मिशी. चांदी नवी असल्यामुळे तो इतरांपेक्षा जास्तच रुबाबदार दिसत होता.

"हे कोण?" बाबांनी विचारलं. "माझा बाप लग्नात घोड्यावर बसला नाही. हे कोण आहे?" त्यांनी टाक परत मोज्यात घातला आणि जिथे पिझ्झ्याची मेन्यूकार्डं, जुन्या किल्ल्या आणि बॅटऱ्या असत त्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "बसवू नंतर," ते म्हणाले. देशमुख काकूंनी चहा घेतला आणि त्या लवकरच उठल्या.

नंतर म्हणजे कधी, हा प्रश्न मग आमच्या घरात मुक्कामाला आला. दर रविवारी काकांचा फोन यायचा. "दादा, बसवलं का न्हाई अण्णांना?" बाबा म्हणायचे, बघू. काका म्हणायचे, सर्वपित्रीच्या आत तरी बसव, तोवर जेवायला कुठं येतील ते. बाबा म्हणायचे, बरं. फोन ठेवला की आई सुरू व्हायची. "अहो, किती दिवस मामंजींना असं किल्ल्यांबरोबर ठेवणार आहात? घरात घेतलं नाही, बाहेर घालवलं नाही. माणूस दारात उभा आहे." बाबांचा टाकावर राग नव्हता हे मला आज नीट कळतं. ज्यांचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, त्यांच्या जागी एका अनोळखी माणसाला बसवायचं, एवढंच त्यांच्याने होत नव्हतं.

माझा शाळेतला लॅटिन हा विषय याच सुमाराचा. मराठी मंडळातल्या सगळ्या आयांनी आईला सांगितलं होतं की स्पॅनिश घे म्हणावं, उपयोगी पडतं. मी लॅटिन घेतलं ते केवळ मिसेस हॉलंड यांच्यामुळे. त्या उंच, किडकिडीत, सदैव खडूने माखलेल्या असत आणि मेलेल्या रोमन लोकांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलत. सप्टेंबरमध्ये त्या आम्हाला राली शहरातल्या म्युझियममध्ये घेऊन गेल्या. तिथल्या रोमन दालनात देव-देवी होत्या, गुळगुळीत आणि देखण्या, मला त्यांचं काही वाटलं नाही. मग कोपऱ्यात एका म्हाताऱ्याचं नुसतं डोकं दिसलं. संगमरवरात कुणीतरी त्या माणसाचं सगळंच्या सगळं कोरून ठेवलं होतं. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत गेलेल्या खोल रेघा, गळ्याची लोंबलेली कातडी, हनुवटीजवळचा चामखीळसुद्धा. नाकाचा शेंडा फुटलेला होता. तो अण्णांसारखा दिसत होता असं नाही. पण कुणी फालतू काही बोललं की अण्णा जसे बघत, तसा तो बघत होता.

मिसेस हॉलंड यांनी सांगितलं की रोममधल्या मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करत. अगदी हुबेहूब, सुरकुत्या न लपवता, कारण त्यांच्या मते सुरकुत्या ही आयुष्यभराची कमाई होती. घराच्या पुढच्या दालनात, दारातून आत आल्या आल्या दिसतील अशा कपाटांत ते मुखवटे ठेवलेले असत. घरात कुणी गेलं की ती कपाटं उघडायची. पूर्वजांच्या उंचीची, त्यांच्यासारखं चालणारी माणसं शोधून त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटे चढवायचे आणि तिरडीबरोबर चालायला लावायचं, म्हणजे सगळी जुनी मंडळी नव्या माणसाला न्यायला आल्यासारखं व्हायचं.

मी हात वर केला. "वी हॅव दॅट," मी म्हटलं. "नेक्स्ट टू द कोट्स."

वर्ग हसला, मिसेस हॉलंड हसल्या नाहीत. बसमध्ये परत येताना त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. घोडे, तलवारी, ठसा, ड्रॉवर. त्यांनी मला टर्म प्रोजेक्टसाठी विषयच देऊन टाकला: तुझ्या आजोबांचा चेहरा रोमन पद्धतीने कर. शाळेच्या आर्ट रूममधून करड्या मातीचा एक गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिला. मी तो मांडीवर घेऊन स्कूलबसने घरी आले.

फोटो एकच होता. अण्णांचा, फेटा बांधलेला, स्टुडिओत काढलेला, आणि फोटोवाल्याने ब्रश फिरवून सगळ्या सुरकुत्या इतक्या मन लावून पुसल्या होत्या की अण्णा विडीच्या जाहिरातीतल्या माणसासारखे दिसत होते. कान फेट्यात. मी डायनिंग टेबलावर इंडियन ग्रोसरीच्या दुकानाची जाहिरातपत्रकं पसरली आणि कामाला लागले. नारळाएवढं डोकं करायचं होतं. दोन दिवसांनी जे तयार झालं ते बघून आई म्हणाली, "हे तुझ्या लॅटिनच्या बाई वाटतात. मिशी लावलेल्या." बाबा ऑफिसातून आले, टेबलाच्या कडेला जेमतेम ताट मावेल एवढ्या जागेत जेवले, मातीकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. शनिवारी सकाळी मात्र बदाम सोलता सोलता ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"कान चुकलाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नो बाबा, मोडलेला कान डावाच होता. आय रिमेंबर."

"उजवा. तू समोर बसून बघायचीस, म्हणून तुला डाव्या हाताला आठवतो." त्यांनी बदामाचं साल सिंकमध्ये टाकलं, हात पुसले आणि ओल्या अंगठ्याने मातीचा उजवा कान आतल्या बाजूला दाबला. "असा नाही होत तो एकदम. आधी सुजतो, रक्त साकळतं. वस्ताद म्हणायचे सुईने काढून घे. अण्णांनी नाही काढलं. मग तो कडक होतो, सुपारीसारखा." ते खुर्ची ओढून बसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते बाह्या सरसावून टेबलाशी बसायला लागले. माझं प्रोजेक्ट माझ्याकडे राहिलं ते नावापुरतं. मी माती ओली ठेवायची, तेवढं काम मला होतं. आई पोळ्या लाटत ऐकायची आणि मध्येच सूचना करायची, कपाळ एवढं अरुंद नव्हतं हो मामंजींचं. वर्षभर न बोललेले बाबा बोलत होते. अण्णा आखाड्यातून आल्यावर अंगाला लाल मातीचा कसा वास यायचा, बाबांनी कुस्ती सोडून कॉम्प्युटर घेतला तेव्हा अण्णा तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी स्वतः फी भरून आले. पुष्कळ गोष्टी आठवायच्या नाहीत. मिशीखालचा ओठ कसा होता ते त्यांना काही केल्या आठवेना. ते उठून बाथरूमच्या आरशापुढे गेले, परत आले आणि एका हाताने स्वतःचा ओठ चाचपत दुसऱ्या हाताने मातीचा करायला लागले. मला तेव्हा ते फार आवडले. वडील आवडतात हे त्या वयात कबूल करणं सोपं नसतं, पण मला आठवतंय ते तसंच आहे.

रविवारी काकांचा फोन आला तेव्हा बाबांचे हात चिखलाने भरलेले होते. मी स्पीकर चालू केला. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत बाबांनीच विचारलं, "भुवईवरची खोक कुठल्या बाजूला होती रे?" काका गोंधळले. मग सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले डाव्या, बाबा म्हणाले उजव्या, आणि दोघं भाऊ लहान मुलांसारखे भांडले. काकांनी तिकडे आपल्या बायकोला विचारलं, शेजारच्या तात्यांना विचारलं, शेवटी डावी ठरली. बाबा खोक उमटवत होते. तेवढ्यात काका हळू आवाजात म्हणाले, "पण दादा, तू केलाय तो चेहरा आधीचा. शेवटी अण्णा तसं राहिलं नव्हतं."

"कसे होते?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"गालफडं बसली होती. दोन्ही बाजूंनी आत गेली होती. डोळं खोल. मिशी दवाखान्यात बारीक केली होती नर्सनं, तिच्यावर लय चिडलं होतं. पण तोंड शांत होतं, दादा. कपाळावर एक आठी न्हवती. झोपल्यावानी."

बाबांनी दोन्ही तळव्यांत मातीचं डोकं धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी गाल आत दाबले. "एवढे?" त्यांनी विचारलं, जसं काही काका टेबलाशीच उभे होते. "जास्त," काका म्हणाले, आणि बाबांनी आणखी दाबले. मिशी काढली, बारीक लावली. बोटाने कपाळावरच्या आठ्या एकेक करून पुसल्या, त्या मी फार कष्टाने केल्या होत्या. डोळे मिटवले. मग हात बाजूला घेतले. तिकडे काका हॅलो हॅलो करत होते. टेबलावर, मसाल्यांच्या आणि भेंडीच्या भावांच्या जाहिरातींवर, माझे आजोबा गेलेले होते, आणि बाबा त्यांचं तोंड बघत होते. बघता बघता ते रडायला लागले, मोठ्याने, मातीच्या हातांनी तोंड झाकून. आई लाटणं टाकून आली. तिने त्यांच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला आणि फोनमध्ये म्हणाली, "भाऊजी, थांबा जरा. बघतायत ते."

चेहरा पुढचे काही दिवस खिडकीत वाळत राहिला. मिसेस हॉलंड यांनी सांगितलं होतं की नीट वाळला की घेऊन ये, शाळेच्या भट्टीत भाजून घेऊ, म्हणजे कायमचा राहील. मी घरी हे सांगितलं आणि आईच्या हातातला चमचा थांबला.

"मामंजींना भट्टीत घालायचं?" ती म्हणाली. "परत?"

मी समजावण्याचा प्रयत्न केला. भाजलं नाही तर ती माती एक दिवस तडकणार, तुकडे पडणार. इट विल जस्ट क्रम्बल, मी म्हणत राहिले. बाबा ऐकत होते. "एकदा अग्नी दिलाय त्यांना," ते शेवटी म्हणाले. "तो द्यायला मी नव्हतो. पण दिलाय. दुसऱ्यांदा नाही." मग म्हणाले, "मातीचं आहे ना. मग विसर्जन करायचं."

अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवार-रविवारीच येतात. सर्वपित्रीही त्या वर्षी रविवारी आणली. आईने पुरणपोळी, अळूच्या ऐवजी पालकाची भाजी, वडे आणि खीर केली. बाबांनी ड्रॉवर उघडून मोजा काढला, टाकाला ताम्हनात दुधाची आणि पाण्याची आंघोळ घातली. मी कोट बाजूला धरून उभी होते. बाबांनी टाक पणजोबांच्या शेजारी ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, भिजवून सोललेले बदाम वाटीत समोर ठेवले. मग खाली वाकून, कानात सांगावं तसं म्हणाले, "बसा अण्णा. घोडा गरीब आहे, काही करत नाही." आई पदर तोंडाला लावून हसली, आणि तिचे डोळे भरून आले होते. स्मोक अलार्म वाजायला लागला, पण त्या दिवशी मी त्याला वारा घालायला गेले नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही घरामागच्या पॅटिओवर गेलो. पंधरवड्यापूर्वी जिच्यात गणपती विसर्जित केला होता तीच निळी बादली होती, आणि नंतर पाणी तसंच झाडांना घालायचं होतं. बाबांनी चेहरा दोन्ही हातांत धरून हळूच पाण्यात सोडला. वाळलेली माती पाण्यात गेली की सुस्कारे टाकल्यासारखे बुडबुडे येतात. आधी मिशी गेली, मग नाक, मग बसलेले गाल सैल होऊन पसरले. कान शेवटपर्यंत राहिला. मला वाईट वाटत होतं, ते सगळं माझ्याही हातांनी केलेलं होतं. मी बाबांना म्हटलं, "इट्स ड्यू टुमॉरो." ते म्हणाले, "बाईंना सांग, झालं." सोमवारी मी मिसेस हॉलंड यांच्यापुढे रिकाम्या हाताने उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, कसा दिसत होता चेहरा? मला सांगता येईना. मी माझा उजवा कान मुठीत धरून दाखवला. त्यांनी ए दिला.

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. कॅरी गावातल्या आमच्या घरी, अंथरुणात, दुपारी. फ्युनरल होमच्या माणसाने अदबीने एखादा चांगला फोटो मागितला. गाल खूप आत गेलेत, म्हणाला, आम्ही थोडे भरून देतो, रंग लावतो, म्हणजे ते स्वतःसारखे दिसतील. मी म्हटलं, नो, प्लीज, लीव्ह हिम. गाल तसेच ठेवा. त्याने नीट ऐकलं आणि त्यांना तसंच ठेवलं. मी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठे गालांवर आपोआप बसले, आणि मला जेवढा वेळ बघायचं होतं तेवढा वेळ मी बघितलं.

त्यांचा टाक नुकताच आला. चुलतभावाने करून पाठवला, कराडचाच, तोच ठसा. घोडा, तलवार, मिशी. बाबांनी जन्मात मिशी ठेवली नाही. माझी मुलगी इथेच जन्मलेली, सतरा वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. परवा ती टाक घासायला बसली होती आणि मी, आईने इतकी वर्षं पाळलेला नियम विसरून, सगळे एकदम तिच्यापुढे ठेवून किचनमध्ये गेले. परत आले तर ती दोन चकचकीत टाक दोन हातांत धरून रडवेली झालेली. अण्णांचाही टाक घासून नव्यासारखा झाला होता.

"आई, आय मिक्स्ड देम अप. विच वन इज आजोबा?"

मी चष्मा लावून पाहिलं. मलाही सांगता येईना. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "कुठलाही एक धर, आणि ते कसे होते ते सांग."

ती थोडा वेळ उजव्या हातातल्या टाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही पील्ड माय आमंड्स. एव्हरी मॉर्निंग. मला सोलू द्यायचे नाहीत." तिने तो टाक शेल्फवर शेवटच्या जागी ठेवला, जरा सरळ केला, आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"आणि हे?"

"यांचा उजवा कान," मी म्हटलं, "सुपारीसारखा होता."